ब्लाइंड एकवीस

शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९९८, सकाळी ११

आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्याने तारखेसकट लिहून ठेवावं, कारण पुढे कोर्टात पहिला प्रश्न तोच असतो.

काल ऑफिसात सीनियर एस्टिमेटरची पोस्ट माझ्याहून नऊ वर्षांनी लहान माणसाला दिली. त्याला फ्लश टँक आणि गीझर यातला फरक मी शिकवला. अकरा वर्षं मी इथे आखातात, देऱ्यात बसून दुसऱ्यांच्या बाथरूमचे नळ मोजतोय. बस्स झालं. खलास.

आज दाढी करताना कल्पना सुचली. जगभरच्या कॅसिनोंत ब्लॅकजॅक चालतो. एकवीसच्या जवळ जायचं, एकवीसच्या वर गेलात की मेलात. खेळ बरा आहे पण मिळमिळीत. त्यात ब्लाइंड नाही! आपल्या तीन पत्तीत पान न बघता खेळणारा निम्मे पैसे लावतो, तीच तर सगळी मजा. तोच नियम इथे घालायचा. दोन्ही पानं झाकलेली, बघायची नाहीत, लावायचं निम्मं, जिंकलं तर मिळणार पूर्ण. नाव : ब्लाइंड एकवीस. प्रत्येक टेबलामागे रॉयल्टी.

कॅसिनो मी पाहिलेला नाही. या देशात नाहीच. एका परीने बरंच आहे, डोकं कोरं राहतं.

विभाला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसवाल्याला फोन कर, भात अर्धा शिजलाय.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

नाइफच्या बाजारातून हिरवं कापड आणलं आणि डायनिंग टेबलाला चुका मारून बसवलं. छान दिसतंय. आता टेबलावर वरणाचा थेंबही चालणार नाही, म्हणून जेवण खाली पेपर पसरून. मुग्धा चौदा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते. ती म्हणाली, ‘बाबा, आर वी होमलेस?’ हसलो. विभा हसली नाही.

पैसे लावून खेळणं इथे गुन्हा, म्हणून पिस्ते वापरायचे. एक पिस्ता म्हणजे दहा दिरहम, म्हणजे एकशेसहा रुपये.

शुक्रवार, २० मार्च

शेजारच्या बेसिल मच्याडोला बोलावलं. बेसिल वसईचा. चार वर्षं जहाजावरच्या कॅसिनोत डीलर होता, आता इथल्या एका हॉटेलात लग्नं-पार्ट्या बघतो. अनुभवी माणूस, त्यामुळे धोकादायक. खेळ समजावण्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही मागितली. बेसिल म्हणाला, अरे सूर्या, मी तुझ्या मुलीला शाळेत सोडतो, तेव्हा सही मागतोस काय? तरी केली सही. दुखावला असावा, पण धंद्यात भावना चालत नाहीत.

त्याला पत्ते वाटायला दिले तर प्रत्येक पान उघडंच टाकतो. चारदा सांगितलं, झाकून वाट. म्हणाला, हात बसलाय रे. शेवटी कॅट त्याच्या हातातून काढून घेतला. जुन्या लोकांना नवं शिकवणं अवघड. दर शुक्रवारी ये म्हटलं, पण खेळाविषयी त्याला जास्त काही विचारायचं नाही असं ठरवलं. विचारलं की कल्पना पळवतात.

शुक्रवार, १५ मे

संपूर्ण चाचणी. तीनशे डाव. मुग्धाने वहीत नोंदी केल्या, तीन तास, शेवटी तिच्या बोटाला शाई. निकाल : ‘बाबा, द बँक लूझेस. एव्हरी टाइम.’ म्हणे खेळणारा लावतो पाच, घेऊन जातो दहा, त्यामुळे निम्म्याहून जास्त डाव हरला तरी तोच फायद्यात. मी समजावलं की बँकेचे पिस्ते बेसिल खात होता. तिने खाल्लेलेही वेगळे मांडले होते. चौऱ्याहत्तर.

विचार केला. गिऱ्हाईक खूश तर दुकान चालतं. नियम बदलणार नाही.

आज मुग्धाच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, ते संध्याकाळी कळलं. ती काही बोलली नव्हती. बोलायला पाहिजे ना!

शुक्रवार, १९ जून

विभाने तिकिटं काढली. दोन जुलै, ती आणि मुग्धा, पुणे. परतीची तारीख उघडी ठेवली आहे. कारण विचारलं. म्हणाली, चार महिने आपण जमिनीवर जेवतोय आणि तुला विचारावंसं आज वाटलं. नंतर म्हणाली, दिवाळीला ये, मग बोलू.

म्हणजे दिवाळीला घ्यायला जायचं. अर्थ उघड आहे. मला घाबरवायचा प्रयत्न. अठरा वर्षं समोर बसलोय, तिचा ब्लफ मला कळतो.

गुरुवार, २ जुलै

एअरपोर्टवर सोडलं. चार बॅगा! सुट्टीला चार बॅगा नेणारी बाई म्हणजे विभाच. मुग्धाने मिठी मारली, जरा जास्त वेळ. उन्हाने असेल.

ऑफिसचा पीआरओ हनीफभाई रत्नागिरीचा, व्हिसाचं सगळं त्याच्याकडे. त्याने आठवण करून दिली : फॅमिली एकशेऐंशी दिवसांच्या वर बाहेर राहिली तर व्हिसा आपोआप खलास. एकोणतीस डिसेंबरच्या आत आणा त्यांना, सूर्यकांतसाब. मी म्हटलं, हनीफभाई, ती पंधरा ऑगस्टच्या आत येईल. तो म्हणाला इन्शाल्ला. इथे हा शब्द ‘होईल’ आणि ‘होणार नाही’ अशा दोन्ही अर्थांनी वापरतात, त्याने कुठल्या अर्थाने वापरला ते बघितलं नाही.

संकल्प : शांतता मिळाली आहे, महिन्याभरात नियमावली पूर्ण.

शुक्रवार, १७ जुलै

नियमावली : दीड पान. टेबलावर कोणी नसलं की डाव वाटायला दोन्ही बाजूंनी मीच उठून बसावं लागतं. आज मी माझ्याशी अकरा डाव हरलो.

फोन केला. विभा एका बालवाडीत शिकवायला जाते म्हणे. टाइमपास.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

उद्या पंधरा ऑगस्ट. आल्या नाहीत. मी निश्चित तारीख अशी कधीच दिली नव्हती.

मुग्धाशी दोन मिनिटं बोललो. ‘बाबा, आय हॅव टू गो, यूनिफॉर्म प्रेस करायचाय.’ सुट्टीतल्या क्लासला यूनिफॉर्म! पुणं आहे, तिथे काहीही असतं. शेवटचा शब्द मराठीत बोलली, ते मात्र लक्षात आलं.

इथल्या शाळेला तिच्या रजेचं कळवायचं राहिलंय. उद्या नक्की.

बुधवार, ९ सप्टेंबर

अमेरिकेतल्या एका बड्या कॅसिनो कंपनीला ऑफिसच्या फॅक्सवरून सहा पानं पाठवली. उत्तर दोन तासांत आलं. एक ओळ : बाहेरच्या व्यक्तींच्या कल्पना आम्ही वाचत नाही. दोन तासांत! याचा अर्थ वाचली आणि हादरले.

दुर्दैवाने उत्तर मॅनेजरच्या हातात पडलं. कंपनीच्या लेटरहेडवर जुगाराचा पत्रव्यवहार म्हणून मेमो मिळाला. हनीफभाई मेमो देताना हळूच म्हणाला, साब, यहाँ ऐसी बात कागज पे नहीं लाते. वरून म्हणाला, भाभीको फोन करो. त्याचा काय संबंध?

मंगळवार, ६ ऑक्टोबर

अमेरिका गेली उडत. काठमांडूला कॅसिनो आहेत. तिथल्या एकाला पत्र टाकलं होतं, आज उत्तर आलं. रंगीत कागद, ‘वुई वेलकम यू’, सोबत तीन रात्रींच्या पॅकेजचा भाव. निमंत्रणच. माझी वार्षिक रजा आणि कंपनीचं तिकीट आहेच. तारीख फक्त दिवाळीचीच मिळाली. तिकीट पुण्याऐवजी काठमांडूचं करून घेतलं.

विभाला फोनवर सांगितलं. फोनकार्डातले युनिट कमी होताना ऐकू येत होते. मग म्हणाली, बरं. बस्स. चिडली नाही, रडली नाही. हातात पान नाही, म्हणून गप्प बसली. मला थोडं वाईट वाटलं. पण यशस्वी झालो की सगळ्यात जास्त आनंद तिलाच होणार आहे, आणि तेव्हा या ‘बरं’ची तिला आठवण करून देईन.

सोमवार, १९ ऑक्टोबर, काठमांडू. लक्ष्मीपूजन

संध्याकाळी सहा वाजता आयुष्यात पहिल्यांदा कॅसिनोत पाऊल टाकलं. झेंडूच्या माळा, गालिचा, माझी फाइल. ब्लॅकजॅकच्या टेबलापाशी उभा राहिलो.

सगळी पानं उघडी.

दुसऱ्या टेबलावर गेलो. उघडी. तिसऱ्यावरही. खेळणारे पानांना हातसुद्धा लावत नाहीत, बोटाने खुणा करतात. डीलर एकेक पान सुलटं मांडतो, अगदी बेसिल मांडायचा तसं. फक्त डीलरचं एक पान झाकलेलं. मॅनेजरला विचारलं. सभ्य माणूस. म्हणाला, सर, यहाँ पत्ता खुला ही देते हैं, कोई हाथ लगाएगा तो बदल देगा ना. वरती कॅमेरा आहे. मी विचारलं, सगळीकडे असंच? म्हणाला, मी जिथे जिथे काम केलं तिथे असंच.

नऊ महिने. मी एकवीस खेळलो ते फक्त दिवाळीत, मामांच्या चटईवर, झाकून. जगात तसंच खेळतात असं धरून चाललो. चार वर्षं हाच धंदा केलेला माणूस दर शुक्रवारी माझ्या समोर बसून पिस्ते खात होता आणि मी त्याला एक प्रश्न विचारला नाही.

मॅनेजरने फाइल परत दिली आणि जेवणाचं कूपन दिलं. जेवलो. चांगलं होतं.

रूमवरून पुण्याला फोन लावला. सासऱ्यांनी उचलला. विभा फराळ द्यायला शेजारी गेली होती. मुग्धा खाली किल्ल्यावर दिवे लावत होती, हात मातीचे होते, येऊ शकत नाही म्हणाली. तिने किल्ला केला, हे मला माहीतच नव्हतं. तिला तो करता येतो हेही नव्हतं. सासरे म्हणाले, तुमचं काम झालं का? म्हटलं, उत्तम झालं.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

बेसिलकडे गेलो. म्हणालो, तू सांगायचंस. बेसिल म्हणाला, हात दाखवत होता ना रे चार महिने, तू कॅट हिसकावून घेतलास. मग चहा दिला. त्यानंतर आम्ही फुटबॉल बघितला. शुक्रवारी यायला त्याला आता जमत नाही.

घरी येऊन टेबलाच्या चुका उपटल्या. लाकडाला चौदा भोकं. टेबलावर ताट घेऊन जेवलो. तिघांचं टेबल एकट्याला फार मोठं होतं. मला त्या दोघी हव्या आहेत. हे लिहायला लाज वाटते, पण इथे वाचणार कोण आहे?

तरीही नवीन कल्पना डोक्यात आहे : खुला एकवीस, मागच्या डावाच्या हिशोबाने बोली. उद्यापासून. आधी विभाला सविस्तर पत्र. शनिवारी नक्की.

रविवार, २० डिसेंबर, संध्याकाळी पाच

रमजान लागला, ऑफिस दोनला सुटलं. नऊ दिवस उरले. पत्र लिहिलं नाही, त्यापेक्षा फोन बरा. केला. तिकीट पाठवतो म्हटलं. विभाने शांतपणे सांगितलं, मुग्धाची परीक्षा आहे, मग बघू. मी म्हटलं व्हिसा जाईल. ती म्हणाली, हो, माहीत आहे. मी म्हटलं, एकोणतीसला जाईल. म्हणाली, हो रे, तारीख माहीत आहे मला.

आवाज अगदी साधा. भांडायची तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली.

हनीफभाईकडे धावलो. म्हणाला, एक रस्ता आहे. मुलगी इथे शिकते असं स्कूलचं लेटर आणा, स्पेशल केस म्हणून अर्ज टाकून बघू, इन्शाल्ला. बघितलंत? मार्ग असतोच. हातपाय गाळणाऱ्यांना तो दिसत नाही. बुधवारी अर्धी रजा घेऊन शाळेत जातो.

बुधवार, २३ डिसेंबर

शाळेच्या ऑफिसात लॅरिसा नावाच्या बाई होत्या. त्यांना सांगितलं, मुग्धा, नववी ब, फॅमिली मॅटरमुळे रजेवर, एक लेटर हवं. त्यांनी रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, सर, हिचा टीसी तर जूनमध्येच गेला. चोवीस जूनला मॅडम स्वतः घेऊन गेल्या.

मी म्हटलं काहीतरी चूक आहे. त्यांनी अर्ज दाखवला. विभाचंच अक्षर, सरळ, खाडाखोड नसलेलं. शाळा सोडण्याचं कारण : फॅमिली शिफ्टिंग टू पुणे पर्मनंटली.

चोवीस जून. त्या दिवशी संध्याकाळी विभाने साबुदाण्याची खिचडी केली होती आणि मी तिला बँकेचा नफा समजावत होतो. त्यानंतर सहा महिने मी दिवस मोजले, एकट्यानेच. फॅमिलीत मला धरलंय की नाही हे त्या कॉलमात कळत नाही, एवढी जागाच नसते.

बाई चांगल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग ड्रॉवरमधून पाकीट काढून म्हणाल्या, सर, डिपॉझिटचा चेक आहे, पाचशे दिरहम. फादरच्या नावाने आहे, म्हणून मॅडमनी नेला नाही. मी विचारलं, मग मला कळवलं का नाही?

म्हणाल्या, आम्ही कळवणार होतो, सर. मॅडमच नको म्हणाल्या. ही विल कम हिमसेल्फ, म्हणाल्या, बट इट विल टेक हिम सम टाइम.

कुठे सही करायची ते त्यांनी बोटाने दाखवलं. केली.