गावाला जाताना घालायचे कपडे

बाबा, तुम्ही असतात तर हा प्रश्न चहा पिता पिता सोडवला असतात. चैत्र संपत आलेला, पहाटे घाटात अजून गारवा, दुपारी डोकं फोडणारं ऊन, संध्याकाळी वळीव येईल का नाही याचा भरवसा नाही. अशा दिवशी सासवडच्या पुढच्या एका वाडीवर मुलगी बघायला जायचं, तर माणसानं काय घालावं? बाइकवर थंडी वाजू नये, पोचेपर्यंत घाम दिसू नये, धूळ बसली तरी कळू नये, सतरंजीवर मांडी घालून बसता यावं, आणि कुणी रान दाखवायला नेलं तर कुसळं चिकटू नयेत. एकच जोड, कारण बरोबर पिशवी घेऊन जाणं बरं दिसत नाही. मी आठवडाभर दुसरा विचार केला नाही. मामांनी आधीच बजावलं होतं, "या सालचं हे शेवटचं स्थळ. पुढच्या साली मला कुणी दारात उभं करणार नाही तुझ्यासाठी." आईनं मान खाली घालून तांदूळ निवडले. आधीच्या सगळ्यांना आयटीतला मुलगा हवा होता, आणि माझ्या कागदावर शिक्षणाच्या पुढे बारावी एवढंच आहे.

मी काय करतो ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो. हडपसरला तुम्ही मला एकदा मेथी आणायला नेलं होतं, ती सगळी रानं आता राहिलेली नाहीत. तिथं काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या समोर एक मॉल आहे. त्या मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात मी उभा असतो. उभा असतो असं म्हणतो, कारण आम्हाला बसायला बंदी आहे. तुम्ही पेठेतल्या त्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून तागे उलगडायचात, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं तुमच्यासमोर पाय मोकळे करून बसायची, म्हाताऱ्यांसाठी पाणी यायचं. आमच्याकडे माणसं कानाला फोन लावून येतात. होळी झाली की एका कोपऱ्यात गवताच्या पेंढ्या आणि बैलगाडीचं एक चाक मांडतात आणि तिथं गावाकडं घालायचे उन्हाळी कपडे लावतात. तो कोपरा माझ्याकडे आहे. "भैया, फार्महाउसला चाललोय, समथिंग अर्दी दाखव ना," असं म्हणतात. मी मातकट, बदामी, हिरवट असे रंग काढून देतो. मॅनेजरनं शिकवलंय की प्रत्येक कपड्याला व्हर्सटाइल म्हणायचं; घाटात चालतो, हॉटेलात चालतो, सोमवारी ऑफिसलाही चालतो. मी तसं म्हणतो. म्हणताना मनात तुमचं बोलणं चालू असतं.

एक दिवस मला नेहमी आठवतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि आपल्या गावच्या जत्रेसाठी मला शर्टाचं कापड घ्यायला तुम्ही दुकानात घेऊन गेला होतात. मी एक चकचकीत निळं कापड धरून आरशासमोर उभा राहिलो. तुम्ही गादीवरूनच म्हणालात, "आरशात काय बघतोस? आरसा येणार आहे का गावाला?" बाजूला बसलेली गिऱ्हाइकं हसली. मग तुम्ही उठलात, मला बाहेर ओट्यावर उन्हात आणलंत आणि ते कापड माझ्या तोंडाला लावलंत. "फुंक." मी फुंकलं. पलीकडे तुम्ही तळहात धरला होता. "वारा आला का माझ्या हाताला? नाही आला. मग तुझा घाम कुठून जाणार?" त्यानंतर तुम्ही एक बदामी पोपलीन काढलंत, मुठीत चुरगाळून सोडलंत, पुन्हा फुंकायला लावलंत. तुमचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, बाबा, पण फुंकर पोचल्यावर तुम्ही बोटं हलवलीत ती दिसतात. तो शर्ट मी जत्रेत घातला, शेतात घातला, वळवात भिजवला, पुढं शाळेतसुद्धा घातला. चुलतभाऊ चमकणारे शर्ट घालून घामानं चिंब झाले होते आणि मी कोरडा होतो. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपल्याला सगळं कळतं.

तर या वेळी मीही तसंच केलं. दुकान बंद व्हायच्या आधी, कॅमेऱ्याकडं पाठ करून, शर्ट एकेक तोंडाला लावून फुंकून पाहिले. एक हिरवट सुती शर्ट घेतला, बाह्या दुमडून बटणानं अडकवता येतात असा. खाली बदामी रंगाची ढगळ पँट, घट्ट विणीची, कुसळ धरणार नाही अशी. तिला सहा खिसे आहेत. उन्हासाठी गोल कडेची कापडी टोपी. आईनं पँट उलटीसुलटी करून पाहिली. "इतके खिसे? भुईमुगाच्या शेंगा भरून आणायच्यात का?" मी म्हणालो, "आई, गावाकडं असंच घालतात." ती म्हणाली, "कुठल्या गावाकडं?" माझी खात्री होती.

दिवे घाट चढेपर्यंत सगळं जमलं होतं. थंडी वाजली नाही, पुढं ऊन चढलं तशा मी बाह्या दुमडल्या. वाडीच्या तोंडाशी मामांना ओळखीचा माणूस भेटला म्हणून ते टपरीवर थांबले आणि म्हणाले, "हो पुढं, ते समोरचं पत्र्याचं घर." मी एकटाच अंगणात शिरलो. मुलीचे आजोबा बाजेवर बसले होते. त्यांनी मला पायांपासून टोपीपर्यंत बघितलं आणि मी नमस्कार करायच्या आत म्हणाले, "जमीन इकायची न्हाय."

"अहो आजोबा, मी…"

"काल बी दोघं आलते. असलीच टोपी. असलेच खिसं. मोजायची टेप कुठल्या खिशात हाय?"

मी टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिलो. त्या भागात टाउनशिपवाल्यांचे एजंट फिरतात, आणि पुण्याचा माणूस गावाकडं जाताना जे घालतो तेच तेही घालतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ज्यांना कपडे विकतो त्यांच्यासारखा दिसत होतो. मामा मागून आले आणि त्यांना सगळा प्रकार कळल्यावर इतके हसले की त्यांना खोकला लागला. मुलीचे वडीलही बाहेर येऊन हसले. कुणी वाईट बोललं नाही. पोहे आले. मी मांडी घालून बसलो, पँटनं त्रास दिला नाही.

मग आजोबाच म्हणाले, "घ्यायला आला न्हाय त्ये बरं झालं. पण सोताची तरी हाय का गावाकडं?" आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. हल्ली असंच विचारतात, बाबा. पोरगा पुण्यात नोकरीला पाहिजे आणि गावाला थोडं रान पाहिजे. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही म्हणून रान, आणि रानात मुलीला राबायला लागू नये म्हणून नोकरी. त्यांचं काही चुकत नाही. पण मला तो दिवस दिसला, तुम्ही मला तालुक्याच्या कचेरीत नेलंत तो. गावच्या जमिनीतल्या तुमच्या वाट्याचं हक्कसोडपत्र तुम्ही काकांच्या नावे करून दिलंत. "तो राबतो, त्याचं असू दे," एवढंच म्हणालात आणि मला उसाचा रस पाजलात. घरी आल्यावर आई किती तरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला तेव्हा तुम्ही मोठे वाटला होतात. आता राग येतो. मांडलेले पोहे समोर ठेवून मला तुमचा राग आला, आणि मी म्हणालो, "आहे. बाबांच्या नावावर आहे." मामा कपात बघत राहिले.

नंतर मला आणि तिला परसात बोलायला पाठवलं. ती सासवडला कॉलेजात जाते. पहिल्यांदा तिनं टोपीकडं बघितलं आणि म्हणाली, "आजोबांचं मनावर घेऊ नका. ते पोस्टमनलाही एजंट समजतात." मग म्हणाली, "कागदावर शिक्षण बारावी लिहिलंय."

"परीक्षेला बसलो होतो," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"इंग्रजी राहिलं. अकाउंट्सही. मामांनी तसं लिहिलं."

ती हसली, पण चिडवायला नाही. "मागच्या मुलानं इंजिनिअर सांगितलं होतं. आयटीआय निघाला. तुम्ही निदान खरं तरी सांगता." ती माझ्या पँटकडं वाकून बघत म्हणाली, "अरे वा, एकही कुसळ नाही." आयुष्यात कुणी माझ्या निवडीचं असं कौतुक केलं नव्हतं. मला ती आवडली, बाबा. फार आवडली.

दोन दिवसांनी होकार आला. मुलगी म्हणते, मुलगा खरं बोलतो, असा निरोप होता. आणि रविवारी घर बघायला येतो, जमलं तर गावाकडं जाऊन रानही बघू, असं पुढं होतं. आई देवापुढं दिवा लावून रडली. मी मामांना म्हणालो, त्यांना खरं सांगा. मामा म्हणाले, "वेडा आहेस का? सातबारा कोण मागतंय? काकाला सांग, तो दाखवेल." मी काकांना फोन केला. मला वाटलं ते झिडकारतील, आणि मग सगळं आपोआप मोडेल. पण काका म्हणाले, "दाखव की. बांधावर हुबं ऱ्हायला कुणाची ना हाय? तुझंच हाय त्ये." त्यांचा आवाज खरंच मायेचा होता. सगळे माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होते. दुकानात गिऱ्हाइकांना शर्ट दाखवताना मी मनात घोकत होतो, इथपासून त्या लिंबापर्यंत आमचं. प्रत्येक वेळी त्या लिंबाखाली ती उभी असायची आणि माझ्यावर विश्वास ठेवून मान हलवायची.

शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मॉलच्या मागच्या जिन्यात गेलो आणि मुलीच्या वडिलांना फोन लावला. फोन आजोबांनी उचलला. मी सांगून टाकलं. जमीन नाही, वडिलांनी हयात असतानाच सोडली होती, मी खोटं बोललो. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं झालं बोल्लास." मला क्षणभर आशा वाटली. ते पुढं म्हणाले, "पर आता उद्या यायचं काय कारण ऱ्हायलं न्हाय." आणि मग, "पोरीला मी सांगू का तू सांगतोस?" ती तिथंच होती, मला मागून तिचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारत होती. मी म्हणालो, "तुम्हीच सांगा."

रविवार होऊन गेला. आई कामापुरतं बोलते. मामा येत नाहीत. मी सकाळी कोपऱ्यात उभा राहतो आणि लोकांना गावाकडं पाठवतो. कुणी विचारलं की हा कुठं कुठं चालेल, तर आता माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाही, आणि मॅनेजरच्या ते लक्षात आलं आहे. मला पुढचं काही दिसत नाही, बाबा. पुढचा चैत्र येईल, दुकानात पेंढ्या मांडतील, मी उभा असेन, एवढं दिसतं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मी जिन्यातून वर आलो तेव्हा मला तसं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. त्या अंगणात, परक्या माणसांसमोर, जमीन तुमच्या नावावर आहे असं मी म्हणालो, तेव्हा मला लाज वाटली नव्हती. तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं होतं.