फ्रिज सोडून सगळी बटणं

११ ऑगस्ट, सोमवार
मुलुंडच्या क्लिनिकात लाइटबिल बचतीचा बोर्ड लावला. 'जाताना फ्रिज सोडून सगळी बटणं बंद करा. शिवदास, आयटी हेड.' आयटीत मी एकटाच, पण हेड तो हेडच. डॉक्टर मधुवंती खूश, रजा मंजूर! बाबांचे गुडघे गेले, म्हणून यंदा गणपती डोक्यावरून घरी आणायचा मान माझा. २४ची गाडी.

१२ ऑगस्ट
मुलुंडच्या पेशंटांचं रेकॉर्ड आमच्या घाटकोपरच्या क्लिनिकातला बॅकअपचा बॉक्स रोज रात्री नेटवरून खेचून घेतो. काल आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, बॅकअप नीट झाल्याशिवाय गावाला जायचं नाही. किरकोळ काम. उद्या उरकतो.

१३ ऑगस्ट
पुन्हा फेल. दोष घाटकोपरचाच. तिथली वायर बदलली. झकास.

१४ ऑगस्ट
फेल. मुलुंडच्या रिसेप्शनची अनुपमा म्हणते, मेन कॉम्प्युटर रोज सकाळी बंदच असतो. तिला अर्धा तास स्लीप मोड समजावला. या पोरींना बेसिकच कच्चं.

१६ ऑगस्ट
रोज उठल्याउठल्या 'फेल'चा मेल. मूडची वाट लागते. मेल बंद केले. आता बरं वाटतंय.

१८ ऑगस्ट
आई फोनवर म्हणाली, गणपती कोणासाठी थांबाचो नाय हां. प्रयत्नांती परमेश्वर! सेटिंग बदललं, आता बॉक्स एका रात्रीत सात वेळा ट्राय करेल. जागेचं टेन्शन नाही. माझी सफाईची स्क्रिप्ट आहे ना, शेवटच्या सात फाइली ठेवते, जुन्या उडवते.

१९ ऑगस्ट
घाटकोपरला सातच्या सात फाइली हजर, सगळ्या कालच्या! डॉक्टरांना कळवलं, काम फत्ते. फाइली उघडून बघितल्या नाहीत. माणसाने विश्वास ठेवावा. बॅग भरली.

२१ ऑगस्ट
मुलुंडचा कॉम्प्युटर उठेना. डिस्क मेली. मी हसलो, म्हटलं बॅकअप कशासाठी असतो? फाइली उघडल्या. सातही रिकाम्या. माझ्या नव्या सेटिंगमध्ये ट्राय फेल झाला तरी रिकामी फाइल बनते म्हणे. तिला जागा करायला स्क्रिप्टने चांगल्या फाइली उडवल्या. स्क्रिप्टने काम चोख केलं, हे नमूद करतो. रिपेरवाल्याने विचारलं, चालू कॉम्प्युटरची लाइट रोज कोण घालवतं?

२२ ऑगस्ट
क्लिनिक बंद करतात ते शिपाई भाऊ. त्यांना फैलावर घ्यायला गेलो. म्हणाले, साहेब, बोर्ड लागल्यापासून एक दिवस चुकवला नाही, फ्रिजला हात लावला नाही. शाब्बास म्हणालो. काय करणार, खाली नाव माझं. रजा रद्द.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
क्लिनिकला सुट्टी. सकाळी सहापासून एकटाच केसपेपर बघून नव्या डिस्कवर रेकॉर्ड टाइप करतोय. डॉक्टरांना सांगितलं, मीच स्वखुशीने करतोय. सेव्ह दुपारी एकदमच करेन म्हटलं, लय तुटायला नको.
साडेदहाला बायकोचा, शुभाचा, व्हिडिओ कॉल. आत रेंज नाही, म्हणून गच्चीवर गेलो. गणपती धाकट्या नितेशच्या डोक्यावर. बाबा काठी टेकत मागे. मला बघून म्हणाले, तुझी पाळी होती रे. रडलो. कोणी नव्हतं, म्हणून लिहितोय.
खाली आलो. टेबलावर डबा, त्यात पाच मोदक. भाऊ येऊन ठेवून गेले होते. बोर्ड काढायचा राहिला होता.
आत फक्त फ्रिज चालू होता.