लाल ठिपके

गुरुवार, १४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? छोटीचा पुढचा दात आला का? माझा गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही.

कागद पाहून हसू नकोस. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं वरचे वाचतात, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा निरोप मिळाला. वहीतले लाल ठिपके यंत्रापासून लपवले म्हणून सोमवारी माझी चौकशी, तिच्याआधी माफीनामा लिहायचा आणि ठिपक्यांची यादी कारणांसकट द्यायची. त्या कारणांसाठी तू ड्युट्या लावणाऱ्या प्रोग्राममध्ये एक रकाना वाढवणार, म्हणजे माझी नोकरी वाचेल आणि मफलरवाले ड्रायव्हरही कामावर परत येतील. बाळा, यातलं मी काहीही देणार नाही.

सत्तावीस वर्षं या डेपोतल्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या मी वहीत लावल्या. तू तीन महिने शेजारी खुर्ची टाकून बसलास, माझा चहा प्यायलास आणि एकेक गोष्ट विचारून घेतलीस. कोणाला कुठला रस्ता पाठ आहे, संध्याकाळी कोणाला कमी दिसतं, सगळं सांगितलं. भावाने माझं डोकं यंत्रात घातलं, असं मी कौतुकाने सांगत फिरले.

एकदा तू नावांपुढच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवून विचारलंस, हे काय? मी म्हटलं, पेन्सिल टेकवायची सवय, दुसरं काही नाही. ते खोटं होतं.

चौदा ठिपके आहेत. त्या चौदा जणांना मी पहाटेची ड्युटी कधी लावली नाही. प्रत्येकाने दारात उभं राहून, खाली बघत, घरातलं काहीतरी सांगितलं होतं. मी ते कुठेही लिहिलं नाही.

यंत्राला ठिपके माहीत नव्हते. त्या चौदांतल्या एकाला, मफलरवाल्यांना, त्याने पहाट लावली. त्यांनी बदल मागितला, तर त्याने कारण विचारलं: आजार, लग्न, मृत्यू, इतर. त्यांनी ‘इतर’ निवडलं. खाली चौकोन उघडला, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना. ते बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले आणि निघून गेले. मग मी बदल करायला बसले. तोच चौकोन. मलाही काही लिहवेना, मी उठले. तीन पहाटा ते आले नाहीत आणि यंत्राने बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं नाव आपोआप काढून टाकलं. मी उठले, हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

काल त्यांच्या घरी जाऊन तुझा रकाना सांगितला. ते म्हणाले, “बाई, नोकरी गेली तरी चालेल. पण माझ्या घरातलं त्या पडद्यावर नको.” कारण मी तुलाही सांगणार नाही.

तिथून तणतणत आले, यंत्रापुढे बसले आणि त्या चौकोनात नुसता एक ठिपका दाबला. मंजूर! एवढा शिकलास आणि एका ठिपक्यावर फसलास रे. मी एकटीच मोठ्याने हसले. मग ड्रायव्हरांना दाखवलं.

आज सकाळी नऊपर्यंत एकाहत्तर जणांनी ठिपका देऊन उद्याची पहाट नाकारली, आणि तुझ्या यंत्राने सगळ्यांना मंजुरी दिली. उद्या पहिल्या बसला ड्रायव्हर नाही म्हटल्यावर साहेब धावत माझ्याकडे आले. मी जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं. अर्ध्या तासात पान भरलं, आणि कोणीही कुरकुर केली नाही. पहिलं नाव मफलरवाल्यांचं, ड्युटी सकाळी दहाची. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, ते नाव खोडायचं असेल तर पान फाडते. त्यांनी बोट उचललं.

सोमवारी मला घरी बसवतील कदाचित. बसवू देत. ठिपका मी शिकवला, हे मी स्वतःच सांगणार आहे. तुला वहीतल्या ठिपक्यांबद्दल विचारलं तर खरं तेच सांग: ताईला विचारलं होतं, ती खोटं बोलली. तुझ्यावर बालंट येता कामा नये.

तो चौकोन दुरुस्त कर, असं तुला सांगतील. केलास तर असा कर, की रिकामा सोडला तरी माणसाला पुढे जाता येईल. तुला ते कठीण नाही, मला ठाऊक आहे.

माफी एकाच गोष्टीची मागते, तुझ्याशी खोटं बोलले त्याची, आणि ती फक्त तुझ्याकडे. चौकशीवाल्यांसाठी माझ्याकडे माफी नाही.

वही माझ्याजवळच आहे.

तुझी,
ताई