मिकच्या हातातून बॉल का घेतलास, बाबा?

प्रिय बाबा,

तुला जाऊन महिना झाला. पत्र लिहायचं काही ठरवलं नव्हतं. पण काल मिक घरी आला आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ घालून गेला. विचारू कुणाला? तुलाच.

मिक, तुझ्या बेसबॉल टीममधला पिचर. आठ सीझन तो बॉल टाकायचा आणि तू समोर उकिडवा बसून झेलायचास. जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला माणूस ब्रिस्बेनमध्ये पगारी कॅचर! आपल्या लोकांत असं दुसरं कुणी नव्हतं. गुडघे गेल्यावर क्लबने तुलाच मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच केलं, तेव्हा आईने स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या सगळ्या मराठी घरांत पेढे वाटले होते.

आणि मग ती फायनल. आपण पुढे होतो, मिक सुरेख टाकत होता आणि तू मध्येच मैदानात जाऊन त्याच्या हातातून बॉल काढून घेतलास. नवा पिचर आला, आपण हरलो. तुझी नोकरी गेली. गाडीत मी म्हणाले, "यू पॅनिक्ड, बाबा." तू नुसता इंडिकेटर दिलास आणि वळलास.

मिकनेही तुझ्याशी बोलणं टाकलं. फ्युनरललासुद्धा आला नाही.

काल आपल्या सोफ्यावर बसून तो धिप्पाड माणूस रडला रे. म्हणाला, "माझं कोपर गेलं होतं. मी लपवलं होतं, पण त्याने लांबून ओळखलं. मैदानात येऊन एवढंच म्हणाला, 'तुझ्या मुलीला उचलून घ्यायला हात लागेल तुला, मेट.' मी त्याला शिव्या घातल्या. क्लबला कळलं असतं तर माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं, म्हणून तो गप्प राहिला."

मग आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही काय गावभर केलं असतं? आई पाहुण्यांसमोर तुला 'ऐनवेळी कच खाणारा' म्हणायची आणि तू हसून आणखी एक पोळी मागायचास! हा मोठेपणा, की आमच्यावर भरवसाच नव्हता? कौतुक वाटतं, आणि पुढच्याच मिनिटाला इतका राग येतो! मिकचाही आला. तरी मी त्याला चहा केला. का, ते माहीत नाही.

आई सिडनीला मावशीकडे गेलीये, शनिवारी येईल. तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. ती आधी चिडेल, मग रडेल. कदाचित उलटंही.

तू मला अजून कळलेला नाहीस, बाबा. तरीही या वेळी मी तुझ्या बाजूने बोलेन. शब्द देते.

तुझी,
सायली