एकेचाळीस सोडून

८ जानेवारी १९९४, उधना

आज केलंच. करायला नको होतं.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची सगळी माहिती आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, डीबेस नावाच्या प्रोग्रॅममध्ये आहे. सेक्रेटरी काशिनाथकाकांच्या ऑफिसात मात्र फक्त लोटस हा दुसरा प्रोग्रॅम चालतो. म्हणून सरांनी याद्या लोटसच्या फाइलीत काढायला सांगितल्या — मुलांची मी, मुलींची वाल्मिकने. एका ओळीची कमांड. फाइलीचं नाव, तिचा प्रकार, शेवटी अट. अट साधी, वय एकवीस पूर्ण. मी तिला शेपूट जोडलं — आणि क्रमांक एकेचाळीस नसावा. एन्टर.

एकेचाळीस म्हणजे वाल्मिक, लूमवर कापड विणून क्लासला येणारा. दुसऱ्या कुणा मुलीच्या बापाच्या नजरेस तो पडू नये, एवढंच मनात होतं. त्याच्याशी बोलायची हिंमत नाही, कमांड मात्र झटकन सुचली!

११ जानेवारी

वाल्मिक मेळाव्यासाठी शर्ट शिवतोय. रंग मला विचारला. आकाशी म्हटलं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. यादी अजून छापायची होती.

१६ जानेवारी

मेळावा झाला. काका छापील यादीतून एकेकाला स्टेजवर बोलवत होते. चाळीसनंतर थेट बेचाळीस. वाल्मिक आकाशी शर्टात अर्धा उठलेला, तसाच खाली बसला. त्याची आई, शोभाकाकू, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मन्हा पोऱ्या लूम चालावस, म्हनीसन नाव काढी टाकं का?" काकांनी बेचाळीसचं नाव पुन्हा पुकारलं.

मुलींमध्ये माझंही नाव आलं नाही. घरी येईपर्यंत आईचं चालू — "तुनं नाव कसं नही उनं वं, उज्ज्वला?" मला काय माहीत! वाल्मिकने घाईत गाळलं असेल. इतकी का मी त्याच्या ध्यानात नाही? रागच आला.

१७ जानेवारी

तो क्लासला आला नाही.

२५ जानेवारी

शोभाकाकू नळावर भेटल्या. मामाने सुचवलेल्या मुलीला वाल्मिक हो म्हणालाय, तिला न बघताच. "समाजाला लूमवाला नको ना, मग मामा म्हणेल ती" — असं म्हणाला म्हणे. रविवारी अमळनेरला साखरपुडा. काकूंचा हंडा मी उचलून दिला. सांगायचं ओठावर आलं होतं. पण काकू किती दिवसांनी हसत होत्या. चारचौघांत त्यांच्या मुलाला मान खाली घालायला लावली ती मी, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

२८ जानेवारी

सकाळच्या पॅसेंजरने ते सगळे अमळनेरला गेले.

क्लासमध्ये सरांनी जुन्या फ्लॉप्या पुसायला दिल्या. एकीवर वाल्मिकची मुलींच्या यादीची कमांड होती, त्याने जपून ठेवलेली. पुसण्याआधी उघडली.

वय अठरा पूर्ण, आणि क्रमांक सतरा नसावा.

सतरा म्हणजे मी.