हात पसरले नाहीत

मृत्युपत्र लिहून ठेवणार : धम्मरत्न डोमाजी पाझारे, वय ६८ वर्षे, निवृत्त क्रीडाशिक्षक आणि आजही बेसबॉलचा अंपायर, राहणार चिखलगाव रोड, वणी, जिल्हा यवतमाळ.

हा कागद मी स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी दारू पाजलेली नाही, दम दिलेला नाही, गोड बोलून फसवलेलं नाही. माझ्याशी गोड बोलणारं या गावात आता कोणी उरलेलंही नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या नजरेबद्दल शंका असलेली माणसं वणीत बरीच आहेत. त्यांच्यासाठी डोळ्याच्या डॉक्टरांचाही दाखला जोडला आहे.

लिहिण्याचं कारण माझा मुलगा रवी. मागच्या महिन्यात तो चंद्रपूरहून एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. गाडी रस्त्यावर उभी केली, काच खाली केली आणि माझं घर बोटाने दाखवून निघून गेला. समोरच्या पानठेल्यावर तो गाडीतूनच सांगून गेला की बुढ्यानंतर घर आपल्याच नावावर होणार, ट्रक उभे करायला जागा झकास आहे. बुढा त्या वेळी खिडकीत उभा होता. म्हणून हे घर कोणाचं, ते मी जिवंत असतानाच ठरवून टाकतो. घर वडिलोपार्जित नाही. माझ्या पगारातून बांधलेलं आहे. त्यामुळे ते कोणाला द्यायचं हा अधिकार माझा एकट्याचा आहे.

घरावर मी शेवटी येतो. आधी किरकोळ गोष्टी.

१. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावा. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर वणी परिसर बेसबॉल मंडळाचे सचिव नेमसिंग राठोड यांच्या हातात माइक देऊ नये. त्यांच्या हाती माइक गेला की तो परत मिळत नाही, आणि मी त्या वेळी उठून जाऊ शकणार नाही.

२. याच नेमसिंगरावांनी माझ्या सत्कारात मला चांदीचा मुलामा दिलेली शिट्टी दिली होती. बेसबॉलचा अंपायर शिट्टी वाजवत नाही. तो तोंडाने बोलतो आणि हाताने दाखवतो. इतकी वर्षं मंडळाचं सचिवपद भोगलेल्या माणसाला हे माहीत नसावं याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं, आता फक्त राग आहे. शिट्टी कपाटात डबीसकट आहे. ती त्यांना परत करावी आणि पोच घेऊ नये.

३. अंपायरने चेंडूपासून तोंड वाचवायला घालायचे दोन मास्क आहेत. कंपनीचा मास्क, छातीचं पॅड, पायांचे गार्ड आणि स्ट्राइक मोजायचं यंत्र माझी मुलगी मैत्रेयी हिला द्यावं. ती झरी जामणीकडे वनरक्षक आहे आणि रविवारी शाळांच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभी राहते. मंडळाने यातल्या कशावरही हक्क सांगू नये. पॅडचा पट्टासुद्धा मंडळाचा नाही.

दुसरा मास्क लोखंडी आहे. मंडळाकडे पैसे नव्हते तेव्हा जहीर वेल्डरने सळया वाकवून आणि आतून स्कूटरच्या सीटचा फोम लावून तो बनवला होता. देताना म्हणाला होता, "मास्क नोका म्हणू सर, खिडकी म्हणा. फक्त पडदा लावाचा राह्यला." तो घालून संध्याकाळपर्यंत मान वाकडी व्हायची. हा मास्क खरं तर जहीरला द्यायचा होता, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. मी जहीरला दोन्हीपैकी एक निवडायला सांगितलं. त्याने सही निवडली. म्हणून मास्क माझ्यासोबत जाळावा. लोखंड जळत नाही हे मला माहीत आहे. राखेत सापडेल तो जहीरने भंगार म्हणून उचलून न्यावा. त्याला वकिलांची हरकत नाही.

४. होम प्लेट झाडायचा ब्रशही मैत्रेयीचा. याबद्दल थोडं लिहावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमचं मैदान कापसाच्या जिनिंगच्या मागे, कोळशाच्या रस्त्याला लागून आहे. होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पाटी, तिला पाय लागला तरच रन. ती झाडून ठेवली तरी चार ट्रक गेले की तिच्यावर काळी साय धरते. बाहेरगावचे अंपायर या धुळीला शिव्या घालायचे. मला ती उपयोगी पडायची. धावत आलेल्या खेळाडूचा पाय प्लेटला लागला, तर काळ्यावर पांढरा ओरखडा उठतो. नाही लागला, तर प्लेट जशीच्या तशी.

आता नियम. खेळाडू होमवर आला, पण त्याचा पाय प्लेटला लागला नाही आणि प्लेटमागच्या कॅचरनेही हातातला चेंडू त्याच्या अंगाला लावला नाही, तर अंपायरने काहीच करायचं नसतं. 'सेफ' म्हणून दोन्ही हात पसरायचे नाहीत, 'आउट' म्हणून मूठही उचलायची नाही. गप्प उभं राहायचं. समोरच्या संघाच्या लक्षात आलं तर ते अपील करतील, नाही तर खेळाडू स्वतः परत येऊन पाय लावील. तोवर निर्णय नाही. मैदानावरच्या बहुतेकांना हा नियम माहीत नसतो. माझ्या घरात मात्र तो जेवताना शिकवलेला होता.

५. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे माजी अध्यक्ष देवराव यांना मी काहीही देत नाही, आणि का देत नाही ते लिहून ठेवतो.

२०१० साली मुलींची शालेय फायनल आमच्या मैदानावर होती. एका बाजूला आमची शाळा, दुसऱ्या बाजूला झरीकडची आश्रमशाळा. बाहेरून येणारा अंपायर आलाच नाही. मैत्रेयी आमच्या संघात होती म्हणून मी नाही म्हणालो. आश्रमशाळेचे सरच पुढे आले आणि म्हणाले, पाझारे सर उभे राहत असतील तर आमची हरकत नाही. त्यांचा तो शब्द मी आजवर विसरलेलो नाही.

शेवटची बॅटिंग होती, दोन आउट झाल्या होत्या आणि आमच्या मुली एका रनने मागे होत्या. मैत्रेयी तिसऱ्या बेसवरून सुटली आणि घसरत होमवर आली. आश्रमशाळेची कॅचर उर्वशी टेकाम हिने चेंडू फिरवला, तो लागला नाही. बरोबरी झाली म्हणून सगळं मैदान नाचायला लागलं. मी खाली पाहिलं. प्लेट काळीच होती. मी हात पसरले नाहीत.

हे कोणी पाहिलं नाही. उर्वशीने नाही, तिच्या सरांनी नाही, नेमसिंगने तर नाहीच. पाहिलं एकट्या मैत्रेयीने. बाकाकडे चालली होती, सवयीने मागे वळून बापाच्या हातांकडे पाहिलं, आणि तिला कळलं. रवी तेव्हा कॉलेजात होता. जाळीमागून तो ओरडत होता, "बस न चुपचाप. मांगं काहून पाह्यतं?" ती बसली नाही. पाय लावायला परत धावली. ती परत का येते आहे हे उर्वशीला कळलं नव्हतं, पण चेंडू हातात होता आणि समोर खेळाडू होती, म्हणून तिने लावला. मी मूठ उचलली. मॅच संपली.

वणीत त्या दिवसापासून सांगतात की पाझारेने स्वतःच्या पोरीला आउट दिलं, पोरीचं पोलीस भरतीत कामी येणारं खेळाचं सर्टिफिकेट घालवलं. पोरगी मूर्ख होती, बसून राहिली असती तर कोणाच्या बापाला कळलं असतं, असंही सांगतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तिच्या बापाला कळलं होतं, आणि तिला ते माहीत होतं. त्या मैदानावर नियम माहीत असलेली खेळाडू ती एकटी होती. तिला मूर्ख म्हणणाऱ्यांपैकी कोणीही माझ्या तिरडीला खांदा लावू नये. नावं मैत्रेयीला तोंडपाठ आहेत.

देवरावांनी त्याच संध्याकाळी मला बोलावून घेतलं. अंपायरच्या डोळ्यात कोळशाची धूळ गेली होती असं सांगा, मॅच पुन्हा खेळवू, असं म्हणाले. मी म्हणालो, धूळ डोळ्यात नव्हती, प्लेटवर होती आणि तिथे चांगली दिसत होती. दुसऱ्या सोमवारी माझ्याकडून मैदान काढून घेतलं आणि निवृत्तीपर्यंत मला वाचनालयात बसवलं. देवराव आता अंथरुणाला खिळले आहेत असं कळतं. मी भेटायला गेलो नाही, जाणारही नाही. ते माझ्या आधी गेले तर हे कलम त्यांच्या मुलाला वाचून दाखवावं.

६. पोस्टातल्या ठेवी मोडून त्या आश्रमशाळेला बेस, चेंडू आणि ग्लोव्ह घेऊन द्यावेत. मंडळामार्फत देऊ नयेत, नाही तर मुलींपर्यंत फक्त खोकी पोचतील.

७. आता घर.

मागच्या बाजूच्या खोल्या, स्वयंपाकघर, अंगण आणि विहीर मी मैत्रेयी धम्मरत्न पाझारे हिला देतो. त्या रात्री घरी येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून ती एवढंच बोलली होती, "बाबा, तुमचे हात खालीच होते, म्हणून मले समजलं." तिने त्यानंतर मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पुढे स्वतःच्या पायांवर धावून वनखात्यात लागली. तिचा भाग तिच्या हक्काचा आहे आणि त्यावर कोणी बोट ठेवू नये.

दर्शनी दोन खोल्या आणि ओटा राहिला.

रवी त्या रात्री दारात उभा राहून मला म्हणाला, "तुमी बाप नाही, अंपायर आहा. घरात अंपायर कायले पाह्यजे?" आणि चंद्रपूरला मामाकडे गेला, तो गेलाच. त्याची आई कांताबाई मला मरेपर्यंत एकच विचारत राहिली, "हात पसरले असते तर झडून गेले असते काय तुमचे?" तिचं दुःख खरं होतं, पण प्रश्न चूक होता. मी मैदानात खोटे हात पसरले नाहीत आणि मैदानाबाहेर कोणापुढेही पसरले नाहीत, मुलापुढेसुद्धा नाही. ये म्हणून मी त्याला कधी विनवलं नाही.

२०१९ साली कांताबाई वारली. रवी थेट मोक्षधामात आला. आईला अग्नी त्यानेच दिला, रडलाही. नंतर सगळे घरी आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले. रवी आला नाही. चौकातूनच चंद्रपूरच्या गाडीत बसला. नातेवाईक म्हणाले, रवी येऊन गेला, मुलाचं कर्तव्य केलं. मी त्या दिवशी ओट्याकडे पाहिलं होतं. पाय लागला नव्हता. मी कोणाला काही बोललो नाही. मागच्या महिन्यातही तो आला, तेव्हा गाडीतून उतरला नाही.

मला त्याचा राग आहे. इतका आहे की वकिलांकडे गेलो तेव्हा 'रवीला काही नाही' एवढंच लिहायचं ठरवून गेलो होतो. तिथे पेन हातात घेतल्यावर तसं लिहवलं नाही. मी म्हणालो, पुढच्या दोन खोल्यांबद्दल निर्णय नाही, असं लिहा. वकील म्हणाले, "पाझारे सर, कायद्यात असं नाही चालत. द्याचं तर द्या, नाही तर नाही म्हना. नाही तर पोरगा उद्या अपील करीन." मी म्हणालो, अपील समोरचा संघ करतो, खेळाडू परत येऊन पाय लावतो, त्याचीच तर वाट पाहतो आहे. त्यांना बेसबॉल माहीत नाही.

म्हणून त्यांना समजेल असं लिहितो. मी जिवंत असेपर्यंत रवी या घराच्या ओट्यावर पाय ठेवून आत आला, तर दर्शनी दोन खोल्या आणि ओटा त्याचा. माफी मागायची गरज नाही, बोलायचीही गरज नाही. मी मरेपर्यंत आला नाही, तर तो भागही मैत्रेयीचा. माझ्या मृत्यूनंतर येऊन ओट्यावर लोळला तरी उपयोग नाही, मॅच संपलेली असेल. आला की नाही याबद्दल खालच्या दोन साक्षीदारांचा शब्द अखेरचा. त्यांची नजर मी पारखलेली आहे.

आज या तारखेपर्यंत रवी धम्मरत्न पाझारे याच्याबाबत मी मूठ उचललेली नाही. हातही पसरलेले नाहीत. तो आला, तर ओट्यावर उभा राहून ते सगळ्या चिखलगाव रोडला दिसतील असे पसरीन. कांताबाईला दिसायला हवे होते.

एक शेवटचं. खेळाडूचा पाय लागला नाही हे अंपायर त्याला सांगू शकत नाही. पण बेसजवळ उभा असलेला त्याच्याच बाजूचा माणूस 'फिर मांगं' म्हणून ओरडू शकतो. नियमात त्याला मनाई नाही. या मृत्युपत्राची एक प्रत मी माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच मैत्रेयीकडे देत आहे. भावाला काय ओरडून सांगायचं ते तिचं तिने ठरवावं.

ठिकाण : वणी, जिल्हा यवतमाळ
दिनांक : २ मार्च २०२५

सही : ध. डो. पाझारे

वरील सही आमच्या समोर झाली. लिहून देणाऱ्याने सगळा मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये एकदा चष्मा पुसायला थांबले. आम्ही दोघांनी त्यांच्या समोर आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या.

साक्षीदार १ : शेख जहीर शेख तनवीर, वेल्डिंगचं दुकान, वणी

साक्षीदार २ : उर्वशी टेकाम, पोलीस शिपाई, मारेगाव, २०१० च्या फायनलची कॅचर