मावशीची जळमटं

ता. ४ जून

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार (समोर कधी घालत नाही, कागदावर घे).

एम.एस्सी.च्या संशोधनाचा विषय आम्हीच ठरवून समितीपुढे मांडायचा असतो. मी घरातले कोळी घेतलेत: कोण कुठल्या कोपऱ्यात जाळं विणतो आणि का. समिती नाही म्हणाली, तर आमच्या बाईंकडे उरलेला विषय गळ्यात पडेल, बाटल्यांतली माती. वर्षभर माती चाळण्यापेक्षा लग्न करीन, असं आईला म्हटलं. तेव्हापासून ती मातीच्या बाजूने आहे.

तुझ्या जिन्याखाली काय सुंदर जळमटं आहेत! बाई एकवीस तारखेला जागा बघायला येताहेत. तू फक्त चहा कर, बाकी काहीही करू नकोस.

तुझी,
बारकी

ता. १९ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या बाई येणार आणि घरात जळमटं? माझं नाक कापायला निघालीस की काय! दोन दिवस शिडीवर चढून घर लख्ख केलं. जिन्याखाली आता जेवायला बसावं.

तुझी अडचण व्हायला नको म्हणून एक कोळी बरणीत धरून ठेवलाय. झाकणाला भोकं पाडली आहेत. चांगला गुबगुबीत आहे, बाईंना पसंत पडेल.

मावशीचा पापा.

ता. २३ जून

ती. मावशीस दुरूनच नमस्कार.

बाईंनी जिन्याखाली वाकून पाहिलं आणि तू त्यांच्या हातात बरणी दिलीस, तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं. परतताना वाटभर मला माती दिसत होती. मग बाईच म्हणाल्या, की झाडून काढल्यावर कोण आधी परत येतो, हे बघितलं तर? दिव्याजवळ एकाने नवा धागा टाकलेला त्यांनी पाहिला होता.

तर नवा आराखडा असा: अर्धं घर तू नेहमीसारखं झाडायचंस, अर्ध्याला हात लावायचा नाही. वर्षभर. मी महिन्यातून एकदा येऊन मोजेन. जमेल ना गं? आता सगळं तुझ्या हातात आहे.

तुझी लाचार,
बारकी

ता. २ जुलै

चि. बारकीस आशीर्वाद.

दिवाणखान्यात मधोमध खडूची रेघ ओढली आहे. पलीकडे बघितलं की हात शिवशिवतात, म्हणून पाठ करून बसते. तुझ्यासाठी एवढं करीन.

महिन्यातून एकदा येणार म्हणतेस. बरं, मी कोण बोलणारी! तुझ्या बाई मात्र माझ्या चहासाठी परवा पुन्हा येऊन गेल्या. तुला बोलल्या नाहीत वाटतं.

मावशी

ता. १५ जुलै

ती. मावशीस नमस्कार आणि उड्या!

समितीने विषय मंजूर केला. आईने सुस्कारा सोडला. फक्त एक दुरुस्ती झाली: महिन्यातून एकदा पुरत नाही, दर शनिवारी जाऊन मुक्काम करावा. ही सूचना कुणाची, असं समितीने विचारलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, की घरमालकीणबाईंची, आणि ती त्यांना पटली आहे. मावशी, तुला कोळ्यांचं इतकं कधीपासून कळायला लागलं?

तुझी संशयी,
बारकी

ता. १९ जुलै

चि. बारकीस आशीर्वाद.

कोळ्यांचं मला काडीचं कळत नाही. पण गेल्या वर्षी तू दोनदाच आलीस, आणि त्यातही एकदा विसरलेली छत्री न्यायला. मला करमत नाही गं.

तुझं अंथरूण रेघेच्या अलीकडे, झाडलेल्या बाजूला घातलंय. शनिवारी लवकर ये. बाईंकडून बरणी तेवढी आण, साखरेची आहे.

लोभ जळमटांसारखा वाढू दे, तो मी झाडणार नाही.

मावशी